व्यालेली गाय, मक्यातली अळी आणि पेशीतले कॅल्शियम

पारोळा, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यात ज्यांच्या गोठ्यात संकरित गाई आहेत, त्यांनी हे कधी ना कधी पाहिलेले असते. तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दूध देणारी गाय व्याली. वासरू ठणठणीत, चीक काढून झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाय बसलेलीच. उठवली तरी उठत नाही. मान कुशीकडे वळवलेली, कान गार, रवंथ बंद. याला दुग्धज्वर म्हणतात, पण अंगात ताप नसतो, उलट अंग थंड पडते. पशुवैद्य येतात आणि शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली लावतात, तीही सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत. बाटली संपत येते तसे गाईचे स्नायू थरथरू लागतात, ती ढेकर देते, शेण टाकते, आणि बऱ्याचदा काही वेळातच आपल्या पायांवर उभी राहते.

तेवढ्या वेळात हाडे मजबूत झालेली नसतात. मग त्या बाटलीतल्या कॅल्शियमने केले काय?

कॅल्शियम म्हटले की आपल्याला दूध, हाडे, दात आणि म्हातारपणीच्या गोळ्या आठवतात. शाळेतही एवढेच शिकवतात. ते खरेच आहे, शरीरातले जवळपास ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. गाय उठली ती मात्र उरलेल्या एका टक्क्यामुळे, आणि त्यातही पेशींच्या आत क्षणभर शिरणाऱ्या अगदी किंचित कॅल्शियममुळे. ते पेशीला निरोप देते. हृदयाचा ठोका, आवळलेली मूठ, जेवणानंतर सुटणारे इन्सुलिन, गर्भाची सुरुवात, हरभऱ्याच्या मुळावरची गाठ, या सगळ्यांत तोच निरोप असतो. जीवशास्त्रात याहून थक्क करणारे मला काही माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी दोन आकडे. पेशीच्या बाहेर, रक्तातल्या पाण्यात, मोकळे फिरणारे कॅल्शियम लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम असते. पेशी शांत असताना तिच्या आतल्या द्रवात ते लिटरमागे सुमारे ४ मायक्रोग्रॅम असते. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. म्हणजे बाहेरचे प्रमाण आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त. सोडियम आणि पोटॅशियम यांच्यातही आत-बाहेर फरक असतो, पण तो दहा-तीस पटींचा. आणि या दोन जगांच्या मध्ये जे पटल आहे, ते मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षाही पातळ आहे.

एवढा टोकाचा फरक राखण्याचे कारण फॉस्फेटमध्ये आहे. पेशी आपली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत ठेवते आणि त्यात फॉस्फेट असते. डीएनएच्या कण्यातही फॉस्फेटच. कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर प्रमाणात एकत्र आले की न विरघळणारे क्षार तयार होतात. आपले हाड त्याच क्षारांनी कठीण झालेले आहे. पेशीच्या आत बाहेरच्याइतके कॅल्शियम असते, तर आतल्या फॉस्फेटचे खडे होऊन पेशी मेली असती. म्हणून जिवाणूंपासून माणसापर्यंत प्रत्येक जिवंत पेशी कॅल्शियम सतत बाहेर काढत राहते. त्यासाठी पटलावर प्रथिनांचे पंप असतात आणि ते एटीपी खर्चून चालतात. काही पंप कॅल्शियम पेशीच्या बाहेर टाकतात, तर काही ते पेशीच्या आतच, आंतर्द्रव्यजालिका नावाच्या बंद पिशव्यांत कोंडून ठेवतात. आतल्या पिशव्यांचा पंप एका एटीपीच्या बदल्यात कॅल्शियमचे दोन आयन उचलतो. जिवंत आहोत तोवर हे काम थांबत नाही. मेल्यावर काही तासांत प्रेत ताठ होते त्याचेही कारण हेच आहे: एटीपी संपते, पंप थांबतात, कॅल्शियम स्नायूंत झिरपते आणि आवळलेले स्नायू सोडवायला ऊर्जा उरलेली नसते.

इथवर कॅल्शियम हा पेशीचा शत्रूच वाटतो. पण ज्या द्रवात ते जवळजवळ नसतेच, तिथे थोडेसे जरी आले तरी ते ताबडतोब जाणवते. पटलावर कॅल्शियमसाठीच्या खास वाटा असतात. एरवी त्या बंद असतात. विजेचा झटका, संप्रेरक, स्पर्श किंवा थंडी यांपैकी कशाने तरी एखादी वाट उघडली की बाहेरचे कॅल्शियम आत घुसते, किंवा आतल्या पिशव्यांतले सुटते. पेशीतले प्रमाण क्षणात दहा पटीने वाढते, काम होते, आणि पंप ते पुन्हा काढून टाकतात. सगळी करामत त्या काढून टाकण्यात आहे, असे मला वाटते. पेशी कॅल्शियम बनवत नाही आणि मोडतही नाही, कारण ते मूलद्रव्य आहे. ती फक्त त्याची जागा बदलते. नवा रेणू घडवण्याचा वेळ लागत नाही, म्हणून हा निरोप इतका वेगवान असतो.

हे कळायला फार वर्षे लागली. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचे हृदय शरीराबाहेर, मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. ते पाणी लंडनच्या नळाचे होते आणि त्यात हृदय तासन् तास चालायचे. ऊर्ध्वपातित शुद्ध पाणी वापरले तेव्हा मात्र ठोके मंदावून थांबले. नळाच्या पाण्यात असलेले आणि शुद्ध पाण्यात नसलेले ते काहीतरी कॅल्शियम होते, हे रिंगर यांनी १८८३ मध्ये दाखवले. आज जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कुठल्याही दवाखान्यात ‘आरएल’ची बाटली लावतात, त्यातला ‘आर’ म्हणजे हेच रिंगर, आणि त्या बाटलीत आजही थोडे कॅल्शियम असते. पुढे १९४७ मध्ये हाइलब्रन आणि वियर्चिन्स्की यांनी स्नायूच्या तंतूत वेगवेगळे क्षार टोचून पाहिले. पेशीत नेहमी असणाऱ्या आयनांपैकी कॅल्शियमनेच तंतू आवळला. ते नेमके कुठे चिकटते, हे जपानमध्ये सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात शोधले. त्या प्रथिनाचे नाव ट्रोपोनिन. छातीत दुखते म्हणून दवाखान्यात नेल्यावर रक्तातले ‘ट्रोपोनिन’ तपासतात, ते याच प्रथिनाचे हृदयातले रूप आहे: हृदयाची पेशी फुटली की ते रक्तात येते.

स्नायूत घडते ते असे. मेंदूकडून विजेचा इशारा मज्जातंतूच्या टोकापर्यंत येतो. तिथे कॅल्शियमच्या वाटा उघडतात, बाहेरचे कॅल्शियम आत शिरते, आणि एका मिलिसेकंदाहून कमी वेळात तिथल्या सूक्ष्म पिशव्या फुटून ॲसिटाइलकोलीन हे रसायन स्नायूवर सांडते. त्याने स्नायूत वीज पसरते, स्नायूच्या आतले कॅल्शियमचे कोठार उघडते, कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटते, आणि तंतू एकमेकांवर सरकतात. पंपांनी कॅल्शियम परत कोठारात भरले की स्नायू सैल पडतो. एका हालचालीत कॅल्शियमचा निरोप दोनदा गेला, एकदा मज्जातंतूत आणि एकदा स्नायूत.

आता गाईचे कोडे सुटते. तिच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे साधारण ९ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. व्यायल्यावर चिकासाठी ते इतक्या झपाट्याने कासेत ओढले जाते की हाडांतून आणि चाऱ्यातून भरपाई होण्याआधीच आकडा पाच-साडेपाचच्या खाली उतरतो. मज्जातंतूच्या टोकाशी वाट उघडते, पण आत शिरायला पुरेसे कॅल्शियम बाहेर नसते. ॲसिटाइलकोलीन पुरेसे सांडत नाही. पायांना निरोप पोचत नाही, पोटाच्या हालचाली थांबतात, हृदय क्षीण होते. बाटलीने बाहेरचे प्रमाण भरून आले की निरोप पुन्हा सुरू होतात. तीच बाटली घाईने सोडली तर हृदयाच्या पेशींवर कॅल्शियमचा मारा होऊन हृदय बंद पडू शकते, म्हणून पशुवैद्य इतके सावध असतात, आणि म्हणून ती बाटली आपल्या हाताने लावू नये. आणखी एक सांगण्यासारखे: गाभण गाईला व्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत भरमसाट कॅल्शियम पाजणे उलटे पडते. हाडांतून कॅल्शियम सोडण्याची तिची स्वतःची यंत्रणा तेव्हा सुस्त होते आणि नेमक्या गरजेच्या दिवशी जागी होत नाही. प्रेमापोटी हे करणारी घरे पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

स्नायूच्या आतले कोठार म्हटले, त्याच्या दाराचे नाव रायनोडीन रिसेप्टर. रायनोडीन हे विष रायनिया नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या झाडात सापडले, आणि १९४० च्या दशकात त्या झाडाची भुकटी कीटकनाशक म्हणून वापरली जाई. आज मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी दिसली की शेतकरी जे क्लोरँट्रानिलिप्रोल फवारतात (बहुतेकांना ते आधी कोराजन या नावाने माहीत झाले) ते अळीच्या याच दारावर बसते आणि ते उघडे धरून ठेवते. कोठारातले कॅल्शियम गळत राहते, अळीचे स्नायू आवळतात आणि मग निकामी होतात. तिचे तोंड चालेनासे होते. फवारणीनंतर काही तासांत ती खायचे थांबवते, पण मरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. दुसऱ्या दिवशी पोंग्यात जिवंत अळी दिसली की ‘औषध लागलेच नाही’ असे वाटते आणि पुन्हा फवारणी होते. ती अळी जिवंत असली तरी पीक खात नसते. नवी कुरतड आणि ताजी विष्ठा दिसते का, ते पाहावे. माणसाच्या स्नायूतही असेच दार आहे, पण त्याची घडण थोडी वेगळी असल्याने हे औषध त्याला फारच कमी चिकटते. आणि एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा मारल्यावर काय होते, ते कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने दाखवून दिले आहे. त्याच्या रायनोडीन रिसेप्टरमधले एक अमिनो आम्ल बदलले आणि औषध तिथे नीट बसेनासे झाले.

रक्तदाबाच्या गोळीचा प्रश्नही इथेच उरकतो, कारण तो फार जण विचारतात. अम्लोडिपिन हे औषध ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ गटातले. नाव वाचून काहींना वाटते की गोळीने अंगातले कॅल्शियम अडेल आणि हाडे ठिसूळ होतील, किंवा गोळी चालू असताना दूध पिऊ नये. तसे नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरण्याची जी वाट आहे, ती ही गोळी अडवते. स्नायू सैलावतात, वाहिनी रुंद होते, दाब उतरतो. हाडांतल्या साठ्याशी तिचा संबंध नाही. या भीतीने गोळी बंद करणे धोक्याचे आहे.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो. निरोप सगळीकडे एकच, कॅल्शियम वाढले एवढाच. मग स्नायू आवळतो, स्वादुपिंडाची पेशी इन्सुलिन सोडते, रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटतात, हे वेगवेगळे अर्थ कुठून येतात? गावात दवंडी पिटली जाते, ‘उद्या गिरणेच्या पाटाला पाणी सुटणार’. दवंडी एकच. पण ज्याचा कांदा उभा आहे तो दारे धरायच्या तयारीला लागतो, ज्याची मोटार पाटात आहे तो ती वर काढायला धावतो, आणि कुणी गोधड्या धुवायला बाहेर काढते. ऐकणाऱ्याकडे काय आहे यावर अर्थ ठरतो. पेशीतही तसेच आहे. कोणती पेशी कॅल्शियम पकडणारी कोणती प्रथिने बाळगून आहे, यावर पुढचे घडते. स्नायूकडे ट्रोपोनिन आहे. मज्जातंतूच्या टोकाशी सिनॅप्टोटॅगमिन आहे. आणि कॅल्मोड्युलिन नावाचे एक प्रथिन जवळपास सगळ्याच प्राणी आणि वनस्पतींत आहे. त्याला कॅल्शियमचे चार आयन चिकटले की त्याचा आकार पालटतो आणि ते डझनावारी इतर प्रथिनांना विळखा घालून त्यांना कामाला लावते.

कॅल्शियम किती वाढले, याच्या इतकेच ते कुठे, किती वेळ आणि किती वेळा वाढले, हे महत्त्वाचे असते. पेशीत ते फार दूर पसरत नाही, वाटेतली प्रथिने त्याला पकडून ठेवतात. त्यामुळे वाटेच्या तोंडाशी एका क्षणापुरती उसळी आली तर एक काम होते, आणि पेशीभर पसरलेल्या लाटेने दुसरे. लढाऊ पांढऱ्या पेशीत कॅल्शियम बराच वेळ वाढलेले राहिले, तरच कॅल्सिन्यूरिन हे विकर जागे होऊन तिला लढायला लावते. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना टॅक्रोलिमस देतात ते हेच विकर थोपवायला. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळीही आडवाटेने इथेच पोचते. ती पोटॅशियमची वाट बंद करते, त्यामुळे कॅल्शियमची वाट उघडते आणि इन्सुलिन सुटते.

माणसाच्या जन्माची सुरुवातही अशाच लाटेने होते. शुक्रपेशी अंडपेशीत शिरताना एक विशिष्ट प्रथिन सोबत आणते. त्याने अंडपेशीतल्या पिशव्यांतून कॅल्शियम सुटते आणि पेशीभर लाट पसरते. मग काही मिनिटांनी पुन्हा, आणि पुन्हा, असे कित्येक तास चालते. त्यानंतरच अंडपेशीला कळते की आता विभाजन सुरू करायचे आहे. ज्या जोडप्यांत पुरुषाच्या शुक्रपेशीत ते प्रथिन सदोष असते, त्यांच्यासाठी काही वंध्यत्व केंद्रांत प्रयोगशाळेतच अंडपेशीत कॅल्शियम वाढवणारे रसायन वापरतात.

पेशीच्या आतली ही लाट आता प्रत्यक्ष दिसते, आणि त्याचे मोठे श्रेय एका जेलीफिशला आहे. ओसामू शिमोमुरा १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चमकणाऱ्या जेलीफिशमधून प्रकाश देणारा पदार्थ काढायच्या प्रयत्नात होते. जमत नव्हते. एके दिवशी त्यांनी अर्क मोरीत ओतला आणि मोरी निळ्या प्रकाशाने उजळली. त्या मोरीत समुद्राचे पाणी येत होते, आणि समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असते. तो पदार्थ एक्वोरिन, कॅल्शियम लागले की उजळणारे प्रथिन. त्याच जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनावरच्या कामासाठी शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सियेन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्सियेन यांनी कॅल्शियम दाखवणारे रंग आणि प्रथिने घडवली, आणि जिवंत पेशीतले निरोप सूक्ष्मदर्शकाखाली बघता येऊ लागले.

झाडांना ना मज्जातंतू, ना स्नायू, तरी हा निरोप त्यांच्यातही आहे. १९९१ मध्ये एक्वोरिन घातलेल्या तंबाखूच्या रोपांना स्पर्श केला, थंडी दिली, तेव्हा त्यांच्या पेशींत कॅल्शियम वाढल्याचा प्रकाश दिसला. रावेर-यावलच्या केळीला कडाक्याच्या हिवाळ्यात चरका बसतो, तेव्हा पान पिवळे पडलेले आपल्याला नंतर दिसते. वनस्पतीला थंडी कळते ती मात्र काही सेकंदांत, आणि त्या कळण्यात कॅल्शियम अगदी पुढे असते. २०१८ मध्ये मासात्सुगु टोयोटा आणि सायमन गिलरॉय यांच्या गटाने आणखी पुढचे चित्रित केले: अळीने एक पान कुरतडले की त्या जखमेतून कॅल्शियमची लाट निघते आणि काही मिनिटांत दूरच्या, अजून न कुरतडलेल्या पानांपर्यंत पोचते. ती पाने मग बचावाची रसायने तयार करू लागतात.

आपल्या शेताच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा निरोप मात्र मातीखाली आहे. तूर, हरभरा, मूग, उडीद पेरताना बियाण्याला रायझोबियमचे जिवाणू खत चोळतात. हे जिवाणू मुळावर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. झाड मात्र मुळाशी आलेल्या प्रत्येक जिवाणूला आत घेत नाही. रायझोबियम एक ठरावीक रसायन सोडते, ते ओळखल्यावर मुळाच्या केसाच्या पेशीत, केंद्रकाभोवती, कॅल्शियमचे ठोके सुरू होतात, साधारण दर एक-दोन मिनिटांनी एक, तासन् तास. १९९६ मध्ये हे ठोके पहिल्यांदा दिसले ते लसूणघासाच्या मुळांत, म्हणजे आपण गाईला घालतो त्याच चाऱ्यात. केंद्रकातले एक प्रथिन हे ठोके वाचते आणि मग गाठ बांधायची जनुके चालू होतात.

ज्वारी, मका, गहू, भात यांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत, म्हणून त्यांना युरियाची पोती ओतावी लागतात. पण ही तृणधान्येही मायकोरायझा या उपकारक बुरशीला मुळात घेताना तेच कॅल्शियमचे ठोके वापरतात, आणि ते वाचणारे प्रथिनही त्यांच्यात आहे. भातातले हे प्रथिन, ज्याच्यात ते बिघडले होते अशा शेंगवर्गीय झाडात घातले, तेव्हा त्या झाडाला पुन्हा गाठी धरल्या. म्हणजे ऐकणारा तृणधान्याच्या मुळात आधीपासून बसलेला आहे. रायझोबियमची ओळख पटवून गाठ बांधण्यापर्यंतचा उरलेला भाग या पिकांत कसा आणायचा, यावर केंब्रिजसह अनेक ठिकाणी आज काम सुरू आहे.